लोह-वायु घटमाला : स्वस्त साठवणीचा अर्थ

सूर्य आणि वारा ह्यांपासून मिळणारी वीज गेल्या दीड-दोन दशकांत पुष्कळच स्वस्त झाली. परंतु ती हवी तेव्हा मिळत नाही आणि मिळते तेव्हा हवी असतेच असे नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी लिथियमाऐवजी लोखंड, सोडियम, गंधक अशी भूकवचात विपुल असणारी द्रव्ये वापरून विजेच्या मोठ्या घटमाला उभारण्याचे प्रयत्न निरनिराळ्या देशांत चालले आहेत. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र हा आहे. रसायनशास्त्रात अधिकारवाणीने बोलण्याचा त्याचा दावा नाही. तथापि ह्या प्रयत्नांविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात 'क्षमता' ह्या एका शब्दाने इतका घोटाळा केला आहे की, त्यापायी 'स्वस्त' ह्या शब्दाचा अर्थही हातचा निसटतो. लोह-वायु घटाच्या उदाहरणावरून ही गोष्ट येथे स्पष्ट करावयाची आहे.

प्रथम 'घटमाला' ह्या शब्दाविषयी. 'बॅटरी' हा मूळचा तोफखान्यातला शब्द. बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ च्या सुमारास विद्युत्‌भारित काचपात्रांच्या रांगेला तो लावला आणि पुढे तो रूढ झाला. मराठी परिभाषाकारांनी त्याचे भाषांतर न करता 'विद्युत् घटमाला' हा शब्द योजिला, आणि तो मुळापेक्षा अधिक अर्थवाही ठरला असे म्हणण्यास हरकत नाही. रहाटाच्या माळेतील गाडगी खाली भरतात, वर रिकामी होतात आणि पुन्हा भरण्यासाठी खाली येतात. ह्या रहाटासंबंधी शेतकरी दोन निरनिराळे प्रश्न विचारील : तासाला किती पाणी वर येते, आणि विहिरीत एकंदर पाणी आहे किती? पहिल्याचे उत्तर कळले म्हणून दुसऱ्याचे कळत नाही.

विजेच्या बाबतीत पहिली राशी म्हणजे शक्ती. ती मेगावॉटमध्ये मोजतात. दुसरी ऊर्जा; ती मेगावॉट-तासांत मोजतात. (आपल्या वीजबिलातील 'युनिट' म्हणजे एक किलोवॉट-तास.) शालेय पाठ्यपुस्तकांतदेखील हा भेद स्पष्ट असतो, मात्र वृत्तपत्रांत पोहोचेपर्यंत दोहोंचीही 'क्षमता' होते. ह्याचे कारण शोधणे कठीण नाही. औष्णिक केंद्राची क्षमता मेगावॉटमध्ये सांगितली की पुरे, कारण कोळशाचा ढीग ही वेगळी बाब आहे आणि तो संपला तर नवा आणता येतो. घटमालेच्या बाबतीत यंत्र आणि ढीग एकाच पेटीत बंद असतात. जुन्या वस्तूसाठी घडलेला शब्द नव्या वस्तूला लावला, आणि त्यातून अर्धा अर्थ गळून पडला. घाटघरच्या उदंचन प्रकल्पाचे वर्णन आपण २५० मेगावॉट असे करतो; केंद्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेली घटमालांच्या अर्थसाहाय्याची योजना मात्र मंजुरीच्या वेळी ४,००० मेगावॉट-तासांची होती. दोन्ही आकडे 'क्षमता' ह्या शीर्षकाखाली शेजारी छापले की दुसरी गोष्ट पहिलीच्या सोळापट मोठी वाटते. वस्तुतः त्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

आता मूळ उदाहरणाकडे वळू. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात केंब्रिज नावाचे गाव आहे. तेथे ग्रेट रिव्हर एनर्जी ह्या सहकारी वीजसंस्थेसाठी फॉर्म एनर्जी ह्या कंपनीच्या लोह-वायु घटमालेचे बांधकाम ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाले. तिची शक्ती अवघी १.५ मेगावॉट, ऊर्जा १५० मेगावॉट-तास. म्हणजे ती पूर्ण शक्तीने सलग १०० तास, चार दिवसांहून अधिक काळ, वीज देत राहील अशी योजना आहे. तेवढीच ऊर्जा साठविणारी चार तासांची लिथियम घटमाला घेतली तर तिची शक्ती ३७.५ मेगावॉट भरेल. 'क्षमता' शब्दाने ह्या दोहोंपैकी कोणती मोठी, हे सांगताच येणार नाही.

शंभर तास कशासाठी, हे तेथील हवामान पाहिले म्हणजे कळते. जानेवारी २०१९ च्या अखेरीस उत्तर ध्रुवाकडील थंडीची लाट ह्या प्रदेशावर आली, तेव्हा पारा उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्यामुळे पवनचक्क्या सुरक्षिततेसाठी बंद पडल्या. असे संकट चार तासांत ओसरत नाही.

घटाची रचना तत्त्वतः सोपी आहे. वीज काढताना अल्कधर्मी द्रावणातील लोखंड हवेतील प्राणवायूशी संयोग पावते, अर्थात ते गंजते. वीज भरताना त्या गंजाचे क्षपण होऊन पुन्हा लोखंड होते आणि प्राणवायू हवेत परत जातो. (आपल्या परिचयाचा तांबूस गंज तो हाच, असे मात्र समजू नये, पहिल्या पायरीवर बनते ते फेरस हायड्रॉक्साइड.) एक किलोग्रॅम लोखंडापासून ह्या पायरीवर सिद्धान्ततः सुमारे १.२ युनिट वीज मिळावी. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळच कमी मिळते, तरीही लोखंडाचा भाव पाहता हा सौदा आकर्षक आहे. कल्पनाही नवी नव्हे. एडिसनने विसाव्या शतकाच्या प्रारंभी निकेल-लोह घट बाजारात आणला होता, आणि १९७० च्या दशकात मोटारींसाठी लोह-वायु घटांवर अमेरिकेत व स्वीडनमध्ये संशोधन झाले होते. ते मागे पडले. मोटारीला जड आणि मंद घट चालत नाही. जमिनीवर कायम उभ्या असणाऱ्या घटमालेला चालतो.

अडचणी दोन, आणि दोन्ही विद्युतदाबाच्या आहेत. गंजाचे पुन्हा लोखंड करण्यास जो दाब लागतो, त्याच्या किंचित आधीच द्रावणातील पाणी फुटून हायड्रोजन सुटू लागतो. भरलेल्या विजेचा एक भाग अशा रीतीने बुडबुड्यांत जातो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात एस. आर. नारायण ह्यांच्या गटाने २०१२ मध्ये लोहाग्रात बिस्मथ सल्फाइडचे अल्प मिश्रण करून ही गळती सुमारे दहा पटींनी घटविली. दुसरी अडचण हवेच्या बाजूची आणि अधिक चिवट आहे. प्राणवायूच्या विक्रिया मंदगती असल्यामुळे घटाच्या १.२८ व्होल्ट ह्या सैद्धान्तिक दाबापेक्षा भरताना बराच जास्त दाब द्यावा लागतो आणि काढताना बराच कमी मिळतो. परिणामी भरलेल्या विजेपैकी निम्म्याहूनही कमी वीज परत हाती येते. उदंचन प्रकल्पात हेच प्रमाण ७० ते ८० टक्के असते, लिथियम घटांत त्याहूनही अधिक.

मग हा उपद्व्याप कशासाठी? येथेच 'स्वस्त' ह्या शब्दाची परीक्षा होते. चार तासांची घटमाला रोज एकदा भरून रिकामी करता येते. वर्षाला सुमारे ३०० फेऱ्या धरू. शंभर तासांची घटमाला रिकामी होण्यास १०० तास लागतात, आणि कार्यक्षमता ४० टक्के व भरण्याची शक्ती तेवढीच धरली तर भरण्यास २५०. वर्षाच्या ८,७६० तासांत अशा फेऱ्या पंचवीसच बसतात. त्यामुळे साठवणीच्या प्रत्येक युनिटामागील भांडवली खर्च बारापट कमी असल्याखेरीज वीज तितक्याच भावाने परत देता यावयाची नाही. कंपनीने २०२१ मध्ये प्रति किलोवॉट-तास २० डॉलरांहून कमी खर्चाचे उद्दिष्ट जाहीर केले, त्यामागील गणित हे आहे. उद्दिष्ट गाठले गेले असे मानण्याचे अद्याप कारण नाही. निम्म्याहून अधिक विजेचा अपव्यय परवडतो तोही एकाच अटीवर : भरलेली वीज अन्यथा वायाच जाणारी असावी.

द्रव्य मुबलक असले म्हणजे साठवण आपोआप स्वस्त होते, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. भूकवचात लिथियम दशलक्ष भागांत सुमारे २० भाग, तर सोडियम सुमारे २३ हजार भाग. शिवाय सोडियम घटाच्या ऋण बाजूस तांब्याऐवजी ॲल्युमिनियमचा पत्रा चालतो. असे असूनही २०२२ च्या अखेरीस शिखरावर असलेले लिथियमचे भाव पुढील वर्षभरात कोसळताच सोडियमवाल्यांचे गणित बिघडले; अमेरिकेतील नेट्रॉन एनर्जी ही सोडियम-आयन घट बनविणारी कंपनी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद पडली. उलटपक्षी चीनमध्ये हूबे प्रांतात १०० मेगावॉट-तासांची सोडियम घटमाला २०२४ मध्ये कार्यान्वित झाली. पुण्यातही केपीआयटी टेक्नॉलॉजीज ह्या कंपनीने आयसरच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्र डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. खाणीत काय किती आहे ह्यापेक्षा कारखान्यात ते किती वर्षे आणि किती प्रमाणावर हाताळले गेले, ह्यावर भाव अधिक ठरतो असे दिसते.

आपल्या राज्यापुरते बोलावयाचे तर मिनेसोटाचा हिशेब येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही हे खरे. परंतु नेमक्या त्याच महिन्यांत साताऱ्याच्या पठारांवरील पवनचक्क्या सर्वाधिक वीज देतात. उन्हाळ्यात दुपारी ऊन भरपूर आणि मागणी मात्र सूर्यास्तानंतरही चढीच राहते. ही गरज चार ते आठ तासांची आहे, आणि तिला सोडियम, लिथियम अथवा घाटघरसारखे उदंचन जवळचे. लोखंडाच्या शंभर तासांच्या घटमालेचे काम पडेल ते ऊन आणि वारा एकाच वेळी रुसतील अशा दिवसांपुरते. तसे दिवस वर्षात सलग किती येतात, हे पवनवेग आणि सूर्यप्रकाश ह्यांच्या जुन्या नोंदी शेजारी ठेवून मोजता येण्यासारखे आहे. आणि त्या कोष्टकात मेगावॉट व मेगावॉट-तास ह्यांचे रकाने वेगळे ठेवावे लागतील.