बास गिटारमधला कापूर

1960 च्या दशकाच्या सुरुवातीची फेंडर बास गिटार हाती आली, तर तिचा कासवाच्या पाठीसारखा दिसणारा पिकगार्ड अंगठ्याने जोरात घासून पाहा. देवघरातल्या कापराचा वास येईल. हा पत्रा सेल्युलॉइडचा, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचा. वर्षानुवर्षे कापूर उडत जातो, पत्रा आकसतो, स्क्रूपाशी तडकतो. पुढे तो कुजू लागला की नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात. दमट हवेत त्यांचे आम्ल होते आणि शेजारचे स्क्रू गंजतात. म्हणून अशी गिटार बंद पेटीत वर्षभर कोंडू नये.

हुबेहूब नवा पत्रा बनवणाऱ्या कारागिरापुढे पेच असतो. रंगाची ती खोली सेल्युलॉइडमध्येच मिळते, पण कापताना उडणारा त्याचा भुगा ठिणगीने भडकतो. जुन्या सिनेमाच्या फिल्मही नायट्रोसेल्युलोजच्याच. 2003 मध्ये पुण्यात त्यांचा मोठा साठा आगीत गेला. पीव्हीसीचा पत्रा त्यामानाने निर्धोक, मात्र जाणकाराला लगेच खटकतो. रोज वाजवायच्या गिटारला तो पुरे, असे माझे मत.

आतल्या जुन्या सोल्डरमध्ये शिसे असते. जोडणी उकलल्यावर साबणाने हात धुवावेत, मगच चहाचा कप उचलावा.