दुकानाची वेबसाइट लिहायला कोणता एडिटर घ्यावा?

पनवेल नगरपालिकेची २०१६ मध्ये महानगरपालिका झाली, आणि आता उलव्याला विमानतळही सुरू झाला आहे. वस्ती वाढली तसे गिऱ्हाईकही बदलले. खारघर-कामोठ्याच्या टॉवरमधला माणूस सोफा करून घ्यायचा असो की दावतीसाठी बिर्याणीची डेग सांगायची असो, आधी मोबाइलवर पाहतो आणि मग फोन करतो. म्हणून आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बंधूंना स्वतःची वेबसाइट असावी असे वाटते. ती लिहू शकणारी मुले-मुलीही आता घरातच आहेत. नवीन पनवेलमध्ये अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस २०११ पासून चालते. तिथे शिकणारा भाचा किंवा पुतणी नात्यागोत्यात सापडतेच.

प्रश्न येतो तो हत्याराचा. वेबसाइटचे पान म्हणजे एचटीएमएल, सीएसएस वगैरे भाषांत लिहिलेला साधा मजकूर. तो ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितात त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. विंडोजमधले साधे नोटपॅडही चालते, पण त्यात चूक शोधता शोधता डोळे जातात. चांगला एडिटर कोडचे भाग वेगवेगळ्या रंगांत दाखवतो, कंसाची जोडी दाखवतो आणि वीस फायलींतला जुना फोन नंबर एका झटक्यात बदलून देतो.

इथेच पुष्कळांचे पाऊल वाकडे पडते. कुणीतरी सांगतो की ड्रीमविव्हरच हवे. त्याचे भाडे परवडत नाही, मग 'क्रॅक' केलेली प्रत पेन ड्राइव्हवरून चढवली जाते. कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ब याबाबत स्पष्ट आहे: चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय सवलत देऊ शकते. दुकानदाराला ती वाट मोकळी नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत ठराव केला की लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरचे हक्क शरियतने मान्य केलेले आहेत व त्यांवर अतिक्रमण जायज नाही. हलाल रोजीसाठी दुकान उघडणाऱ्याने त्याची पाटी चोरीच्या हत्याराने रंगवावी, हे आम्हाला पटत नाही. त्यात क्रॅकबरोबर व्हायरस येतात, आणि त्याच संगणकावर बिले नि बँकेचे व्यवहार असतात.

गंमत अशी की या चोरीची गरजच नाही. नोटपॅड प्लस प्लस हा एडिटर डॉन हो यांनी २००३ मध्ये काढला. तो पूर्णपणे मोफत आहे, फक्त विंडोजवर चालतो, आणि गल्ल्यावरच्या जुन्या, थकलेल्या संगणकालाही जड होत नाही. उर्दूसाठी मजकूर उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोयही त्यात आहे. चार-पाच पानांच्या वेबसाइटसाठी आमची पहिली पसंती याला.

मशीन नवे असेल आणि मुलाला हेच काम पुढे नोकरीत करायचे असेल, तर मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड घ्यावा. तो २०१५ मध्ये आला. धंद्याच्या कामासाठीही मोफत आहे आणि लिनक्सवर व मॅकवरही चालतो. मात्र मेमरी बरीच खातो, आणि वापराची माहिती कंपनीकडे पाठवतो. हे पाठवणे सेटिंगमध्ये बंद करता येते. तेवढ्यानेही समाधान नसेल तर व्हीएससोडियम ही त्याचीच वेगळी आवृत्ती आहे.

सब्लाइम टेक्स्ट चपळ आहे, पण त्याचा व्यक्तिगत परवाना ९९ डॉलरचा, म्हणजे आठ-नऊ हजारांच्या घरातला. पारखून पाहायला तो कितीही दिवस वापरू देतात, मुदत नाही. 'विकत घ्या' असा निरोप मात्र मधूनमधून येतो. तो बाजूला सारून वर्षानुवर्षे कमाई करत राहणे म्हणजे नमुन्याच्या कापडाचा सदरा शिवून घालण्यासारखे आहे. आवडला तर पैसे भरावेत.

व्हिम शिकायला अवघड, नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पण त्याचे कर्ते ब्राम मूलेनार यांनी १९९१ पासून तो मोफत देताना वापरणाऱ्यांना एवढेच सुचवले की जमल्यास युगांडातील गरजू मुलांसाठी देणगी द्या. २०२३ मध्ये ते वारले. ती विनंती अजून त्या सॉफ्टवेअरमध्ये दिसते.

जुने व्हिडिओ पाहून अ‍ॅटम किंवा ब्रॅकेट्स मात्र चढवू नये. अडोबीने ब्रॅकेट्सचा हात २०२१ मध्ये सोडला, अ‍ॅटम डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला.

मराठी-उर्दू मजकुराबाबत एक सूचना. डीटीपीवाल्याकडे श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले पत्रक जसेच्या तसे वेबसाइटवर चिकटवले तर अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्यावा आणि एडिटरमध्ये फाइल 'यूटीएफ-८' पद्धतीने साठवावी.

एडिटर नेहमी त्याच्या मूळ वेबसाइटवरूनच उतरवावा. वाचलेले पैसे डोमेन आणि होस्टिंगला लागतील. ते डोमेन पुतण्याच्या नावावर न घेता दुकानमालकाच्या नावाने व त्याच्याच ईमेलवर नोंदवावे.