टीव्ही स्टिरिओ झाला, तरी जुने सेट बाद झाले नाहीत! ते कसं?

इअरफोन लावल्यावर तबला डाव्या कानात आणि बासरी उजव्या कानात ऐकू येते, ते स्टिरिओ. अमेरिकेत एफएम रेडिओवर ते १९६१ मध्येच आलं. टीव्हीचा आवाज मात्र पुढची वीसेक वर्षं मोनोच राहिला. काही मैफली तर लोक टीव्हीवर बघायचे आणि त्याच वेळी रेडिओवर ऐकायचे! जपानने १९७८ मध्ये, पश्चिम जर्मनीने १९८१ मध्ये टीव्हीवर स्टिरिओ आणलं. अमेरिकेत ते १९८४ मध्ये सुरू झालं.

अडचण काय होती?

घरोघरी कोट्यवधी मोनो टीव्ही होते. डावा आवाज नेहमीच्या जागी आणि उजवा दुसरीकडे पाठवला असता, तर जुन्या टीव्हीवर अर्धाच कार्यक्रम ऐकू आला असता.

उपाय: बेरीज आणि वजाबाकी

समजा, एका क्षणी डावा आवाज ५ आहे आणि उजवा ३. नेहमीच्या जागी बेरीज पाठवायची: ८. वजाबाकी, म्हणजे २, वरच्या फ्रिक्वेन्सीवर पाठवायची. जुना टीव्ही तिथे बघतच नाही. त्याला ८ मिळाले, म्हणजे पूर्ण आवाज मिळाला. नवा टीव्ही दोन्ही घेतो: ८ + २ = १०, त्याचं निम्मं ५. ८ − २ = ६, त्याचं निम्मं ३. डावा-उजवा पुन्हा वेगळे!

कार्यक्रम स्टिरिओ आहे हे टीव्हीला कळायचं कसं?

त्यासाठी सोबत १५.७३४ किलोहर्ट्झचा एक 'पायलट' सिग्नल जायचा. हा आकडा उगाच निवडलेला नाही. अमेरिकन टीव्ही सेकंदाला साधारण १५,७३४ रेषा काढायचा आणि चित्राची खरखर याच आकड्याच्या पटीत आवाजात घुसायची. पायलटही तोच ठेवल्याने दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी एकमेकींत मिसळून नवीन शिट्टी तयार होत नसे.

वजाबाकीचा सिग्नल नाजूक, लगेच खरखर पकडणारा. म्हणून डीबीएक्स कंपनीचं तंत्र वापरून तो पाठवताना दाबायचे आणि टीव्हीत पुन्हा मूळ रूपात उलगडायचे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ॲपमध्ये नवं फीचर टाकताना जुनं व्हर्जन वापरणाऱ्यांचं काय, हा प्रश्न आमच्यापुढे रोज असतो. इथे तर जुन्या टीव्हीला अपडेट पाठवायची सोयच नव्हती. सगळी हुशारी सिग्नलमध्येच भरावी लागली.

बाय द वे, तुमच्या फोनमधल्या एमपीथ्री गाण्यांतही 'जॉइंट स्टिरिओ' नावाने हीच बेरीज-वजाबाकी वापरली जाते. तिथे कारण वेगळं: फाइलची जागा वाचवणं.