मनांतली पात्रयोजना

एखादा बोलपट पाहून मंडळी घरीं परतलीं, कीं कोणती भूमिका कोणाला अधिक शोभली असती, याची चर्चा जेवणाच्या पाटावर हटकून रंगते. या खेळाला भांडवल लागत नाहीं. त्यांत दिवंगत नटाला पुन्हां उभें करतां येतें, आणि दोन पिढ्यांतल्या कलावंतांना एका रात्रीं एकत्र आणतां येतें. बोलपटाचें संगीत नाटक होणार असें कळलें, म्हणजे तर या खेळाला विशेषच भर येतो. पण तेथें बहुतेकांच्या यादींत एक उणीव राहते: यादी करणारा चेहरे निवडतो. संगीत नाटकाची पात्रयोजना मात्र डोळ्यांआधीं कानांनीं करावी लागते. असें कां, हें एका सुप्रसिद्ध उदाहरणावरून पाहण्यासारखें आहे.

के. आसिफ यांचा ‘मुगल-ए-आझम’ हा बोलपट १९६० सालच्या ऑगस्ट महिन्यांत प्रदर्शित झाला. अनारकली म्हटली कीं मधुबालेची मूर्ति डोळ्यांपुढें उभी राहते. पण त्या मूर्तीच्या मुखांतून निघणारा स्वर आहे लता मंगेशकर यांचा. तानसेन म्हणून पडद्यावर एक नट दिसतो, आणि कानीं येतो तो उस्ताद बडे गुलाम अली खां यांचा आवाज. म्हणजे प्रेक्षक जिला अनारकली समजतो, ती एक व्यक्ति नव्हेच. दोन थोर कलावतींच्या मिलाफांतून झालेली ती तिसरीच स्त्री होय. ती कोणाच्याहि घरीं जन्मली नाहीं, आणि म्हणूनच तिला रंगभूमीवर बोलावतां येत नाहीं.

गाणारा निराळा आणि दिसणारा निराळा, ही विभागणी बोलपटाच्या आरंभीं नव्हती. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांनीं आपापलीं गाणीं स्वतःच म्हटलीं. पुढें १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें पार्श्वगायनाचा प्रयोग केला: गाणें अगोदर मुद्रित करून ठेवावें, आणि चित्रण चालू असतांना नटानें नुसते ओठ हलवावे. ही रीत देशभर रुजली. तिच्यामुळें गाण्याचा दर्जा वाढला यांत शंका नाहीं, कारण गळ्याची निवड रूपावर अवलंबून राहिली नाहीं. परंतु तिच्यामुळेंच एक विसरहि पडला. गाणें, नाचणें आणि बोलणें हीं तिन्ही कामें एकाच देहानें करावयाचीं झालीं, तर तो देह निराळ्या तयारीचा असावा लागतो, हें प्रेक्षकाच्या ध्यानांतून गेलें.

ही तयारी प्रथम श्वासाची असते. द्रुत लयींतलें नृत्य संपतें, तेव्हां शरीराला हवा झटपट घेऊन झटपट टाकावयाची असते. गाण्याला नेमकें याच्या उलट हवें असतें: श्वास क्षणांत भरून घ्यावा आणि ओळ संपेपर्यंत बेताबेतानें सोडावा. बोलपटांत या दोहोंचा झगडा उद्भवत नाहीं. गाणें एका दिवशीं मुद्रित होतें, नृत्य निराळ्या दिवशीं आणि तेंहि तुकड्यातुकड्यांनीं चित्रित होतें. नाटकांत मात्र दोन्ही एकाच घटकेला येऊन ठेपतात. म्हणून जाणता दिग्दर्शक गाण्याच्या ओळीवर नायिकेला जवळजवळ स्थिर ठेवतो, आणि गतीचें काम भोवतालच्या नर्तकींवर सोंपवतो.

दुसरी गोष्ट अंतराची. पडद्यावर पापणी लवली तरी ती हातभर दिसते. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेंतून ती दिसत नाहीं. मधुबालेच्या अभिनयाची मोहिनी बहुतांशीं या जवळिकेवर उभी आहे, आणि ती जशीच्या तशी रंगभूमीवर नेतां येणार नाहीं. उलट, अकबर झालेले पृथ्वीराज कपूर हे १९४४ सालीं स्वतःचें पृथ्वी थिएटर्स काढून गांवोगांवीं नाटकें करणारे गृहस्थ. त्यांची खणखणीत वाणी मुळांतच रंगभूमीवर कसलेली होती. तेव्हां मूळ बोलपटांतलेंहि कोणतें पात्र नाटकांत टिकलें असतें आणि कोणतें नसतें, हें ठरवतांना कीर्तीपेक्षां हीच कसोटी उपयोगी पडते.

तिसरी कसोटी नभोवाणीच्या श्रोत्यांना चांगलीच परिचित आहे: डोळे मिटून ऐकावें. या बोलपटांत अनारकली आणि तिची प्रतिस्पर्धी बहार यांच्यांत कव्वालीचा सामना होतो. त्यांत एकीला लताबाईंचा आवाज आहे, तर दुसरीला शमशाद बेगम यांचा. एक आवाज बारीक, सरळ आणि नितळ. दुसरा भरदार आणि धारदार. चित्र न पाहतांहि कोण बोललें आणि कोणी उत्तर दिलें, हें कळतें. या दोन भूमिकांसाठीं सारख्याच जातीचे दोन गळे निवडले, तर ते कितीहि गोड असले तरी सामन्यांतली चुरस नाहींशी होईल. याच कसोटीनें दुसरीहि एक गंमत उघड होते. दिलीपकुमार यांच्या सलीमला सबंध बोलपटांत एकहि गाणें नाहीं. सिंहासनाला आव्हान देणारा राजपुत्र गात नाहीं, आणि बंडाचें गाणें एका दासीच्या कंठांत येतें. ही योजना तशीच ठेवली, तर सलीमसाठीं गायक धुंडाळण्याचें कारण नाहीं, आणि अनारकलीच्या बाबतींत मात्र गाण्याची सवलत मुळींच देतां येत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, मूळ पात्रयोजनेला दुसरा पर्याय कल्पिणें हेंच रसभंगाचें आहे. परंतु त्या बोलपटाचा इतिहास निराळेंच सांगतो. आसिफ यांनीं हें कथानक प्रथम हातीं घेतलें तें १९४० नंतरच्या दशकांत. त्या वेळीं त्यांच्या मनांतला अकबर चंद्रमोहन, सलीम सप्रू आणि अनारकली नर्गिस अशी योजना होती. चंद्रमोहन म्हणजे ‘प्रभात’च्या १९३४ सालच्या ‘अमृतमंथन’मध्यें केवळ डोळ्यांनीं प्रेक्षकांना धाक घालणारे नट. पण १९४७ सालीं देशाची फाळणी झाली आणि भांडवल पुरवणारे गृहस्थ पाकिस्तानांत गेले; १९४९ सालीं चंद्रमोहन निवर्तले. पुढें सारें नव्यानें मांडावें लागलें. आज जी पात्रयोजना अढळ वाटते, ती अशी दुसऱ्या खेपेची आहे. शिवाय अनारकलीचें कथानकहि आधीं नाटकाचेंच. इम्तियाज अली ताज यांनीं तें १९२२ सालीं उर्दू नाटकांत घातलें होतें.

तें पुन्हां रंगभूमीवर आलें २०१६ सालच्या ऑक्टोबरमध्यें. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रांत फिरोज अब्बास खान यांनीं तें दिग्दर्शित केलें. अनारकलीसाठीं त्यांनीं बोलपटांतली तारका आणली नाहीं. ही भूमिका प्रियांका बर्वे आणि नेहा सरगम या गायिकांनीं केली, आणि नौशाद यांनीं बांधलेलीं गाणीं त्यांनीं प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष म्हटलीं. प्रियांका बर्वे या पुण्याच्या, भावगीतगायिका मालती पांडे-बर्वे यांची नात. एका भूमिकेला दोघी, यांतहि व्यवहार आहे: बोलपटांत उत्तम गाणें एकदां साधलें म्हणजे तें कायमचें झालें, नाटकांत तें रोज नव्यानें साधावें लागतें, आणि गळा हा विश्रांतीवांचून चालणारा जिन्नस नव्हे.

चेहऱ्याऐवजीं गळा पाहून जुळवलेली इच्छित पात्रयोजना काय करूं शकते, याचा अनुभव मराठी रंगभूमीनें फार पूर्वीं घेतला आहे. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहांत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठीं ‘संयुक्त मानापमान’ झालें. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी, आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. एरवीं दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या धन्यांना एका पडद्यामागें उभें करणें ही घरगुती चर्चेंतलीच गोष्ट ठरली असती. ती खरी झाली, याचें कारण राष्ट्रकार्य तर होतेंच. पण दुसरें असें कीं दोघेहि आपलीं पदें आपणच गाणारे होते. एकाच संहितेवर दोन मंडळ्यांची तयारी जुळतां आली. त्याच वर्षीं ४ ऑक्टोबरला केशवराव वारले, आणि तो योग पुन्हां येण्याची आशा संपली.

म्हणून यादी करणाऱ्यानें जुळवाजुळव मनसोक्त करावी. पण प्रत्येक नांवापुढें तीन प्रश्न लिहावे. हा गळा कोणाच्या गळ्यासमोर उभा राहणार? नाचून झाल्यावर पहिली ओळ कशी येणार? आणि विसाव्या प्रयोगाला तो कसा असणार? या प्रश्नांनीं कांहीं लाडकीं नांवें गळतील, आणि वर्षानुवर्षें मेहनत करूनहि जाहिरातींत न झळकलेल्या गायक-नटांना त्या जागा मिळतील. प्रसिद्ध चेहऱ्यासाठीं त्यांना दार बंद करणें, हें संगीत नाटकाचें खरें नुकसान होय.

याशिवाय यादींत एक जागा रिकामी ठेवावी. १९०१ सालीं भाऊराव कोल्हटकर वारले. त्यानंतर किर्लोस्कर मंडळीच्या नायिकेसाठीं कोणीहि कितीहि नांवें जुळवलीं असतीं, तरी त्यांत नारायण राजहंस हें नांव आलें नसतें. १९०५ सालीं तो मुलगा त्या मंडळींत दाखल झाला, आणि पुढचीं कित्येक वर्षें तें दुसऱ्या कोणाचें नांव असूं शकेल, असें मराठी प्रेक्षकांच्या मनांतहि आलें नाहीं.