वाहनदीपांचे मंदावणे
मोटारगाडी, जीप, ट्रॅक्टर इ. वाहनांवर बसविलेल्या ध्वनिसंचातून खर्जातील जोरकस ठोके उमटत असता प्रत्येक ठोक्याबरोबर पुढील दिव्यांचा प्रकाश क्षणभर कमी होतो, यास दिवे मंदावणे म्हणतात. हा सामान्यतः दिव्यांचा दोष नसून वाहनाच्या विद्युत् मंडलातील दाब उतरल्याचे लक्षण होय.

धाराशिव जिल्ह्यात या प्रश्नाला रस्त्यावरील सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्व आहे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रीही धावतात व त्यांपैकी काहींवर मोठे ध्वनिसंच असतात. आश्विन पौर्णिमेच्या सुमारास सोलापूर–तुळजापूर मार्गावरून भाविक रात्री पायी जात असतात. अशा वेळी चालकाला पुढचे किती दिसते, यावर अनेकांचे प्राण अवलंबून असतात.

कारणे : एंजिन चालू असता आल्टरनेटर मंडलातील दाब सु. १४ व्होल्ट राखतो. मागणी त्याच्या क्षमतेबाहेर गेल्यास उरलेला प्रवाह बॅटरीतून येतो. पूर्ण भारित बॅटरीचा स्थिर दाब सु. १२·६ व्होल्टच असल्याने मंडलाचा दाब तेथवर किंवा त्याखाली उतरतो. ५०० वॉट ध्वनिशक्ती देणारा, ५५ टक्के कार्यक्षमतेचा विवर्धक ठोक्याच्या वेळी ६५ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. ६० वॉटच्या दोन दिव्यांना मात्र सु. १० अँपिअर पुरतात. तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या सु. ३·४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणून दाब १० टक्के घटताच प्रकाश सु. ३० टक्के घटतो. प्रवाह स्थिर राखणारे मंडल असलेल्या एलईडी दिव्यांत हा परिणाम सहसा दिसत नाही.

परीक्षा : संच वाजत असता दाब प्रथम बॅटरीच्या अग्रांवर व नंतर दिव्याच्या जोडणीवर मोजावा. बॅटरीवरच दाब बराच उतरत असल्यास आल्टरनेटर अपुरा, त्याचा पट्टा सैल किंवा बॅटरी जीर्ण समजावी. बॅटरीवर तो टिकून दिव्यापाशी उतरत असल्यास दिवे व विवर्धक यांची सामाईक तार किंवा सांगाड्याशी असलेली अर्थिंगची जोडणी सदोष असते. ०·०२ ओहम इतका अल्प रोधही ६० अँपिअर प्रवाहास १·२ व्होल्ट खर्ची घालतो.

उपाय : गंजलेले सांधे घासून घट्ट करावेत. बॅटरीचे ऋण अग्र, सांगाडा व एंजिन यांना जोडणाऱ्या तारा जाड घालाव्यात. विवर्धकाला बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार देऊन बॅटरीलगतच फ्यूज बसवावा. त्यानेही न भागल्यास अधिक क्षमतेचा आल्टरनेटर बसवावा.

या दोषावर पुष्कळदा धारित्र सुचविले जाते. परंतु ते शक्ती निर्माण करीत नाही. १ फॅराड धारित्राचा दाब १४ वरून १३ व्होल्टवर येईपर्यंत त्यातून १३·५ जूल एवढीच ऊर्जा मिळते व ९०० वॉटचा विवर्धक ती ०·०१५ सेकंदात संपवितो. खर्जाचा ठोका याहून बराच अधिक काळ टिकतो. मूळ दोष दूर होईपर्यंत रात्रीच्या प्रवासात संचाचा आवाज, विशेषतः खर्ज, कमी ठेवणे हाच तात्काळ, बिनखर्ची व खात्रीचा उपाय होय.