ऐंशी जागांची शाळा

भोपाळच्या मराठी घरांत मूल पाचवीत गेलं की एक प्रश्न हमखास निघतो. "पोरगं हुशार आहे हो, पण वर्गात त्याला कंटाळा येतो. अशा मुलांसाठी वेगळी शाळा आहे का इथे?" पुण्यात या प्रश्नाला उत्तर तयार असतं. आप्पा पेंडशांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, 1969 मध्ये तिची प्रशाला उभी राहिली, आणि मानसशास्त्रीय चाचण्या घेऊन मुलं निवडायची पद्धत मराठी पालकांच्या ओळखीची झाली. भोपाळमध्ये नववीपासून शिवाजीनगरचं शासकीय सुभाष उत्कृष्ट विद्यालय आहे, तेही प्रवेश परीक्षेतून. सहावीपासून हवी असेल, तर शहराबाहेर रातीबडला जावं लागतं. तिथे भोपाळ जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय आहे.

पण ही शाळा मुळात आपल्या अरेरा कॉलनीतल्या किंवा टीटी नगरातल्या मुलांसाठी काढलेली नाही. ती कुणासाठी काढली, हे पालकांनी आधी समजून घ्यावं. बाकीचं आपोआप कळतं.

1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात या शाळांमागचा विचार मांडला आहे. बुद्धी गावातही तितकीच जन्माला येते, पण चांगल्या शाळेची फी भरायची ऐपत नसते. म्हणून जिल्ह्यागणिक एक निवासी शाळा काढायची, आणि हुशार मुलाला बापाचा खिसा न बघता तिथे शिकवायचं. प्रयोग म्हणून पहिल्या दोन शाळा 1985-86 मध्येच निघाल्या: एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. आज देशभरात 650 हून अधिक नवोदय विद्यालयं आहेत. मध्य प्रदेशातल्या शाळांचा कारभार भोपाळच्या विभागीय कार्यालयातून चालतो. अमरावतीहून सातपुड्याकडे निघालं की बैतूल जिल्हा लागतो. त्या जिल्ह्याचं नवोदय प्रभात पट्टनला आहे आणि त्या भागात अनेक घरांत मराठी बोलली जाते. पांढुर्णा-सौसरकडची मराठी मुलं छिंदवाड्याच्या नवोदयात जात आली आहेत. ही शाळा आपल्या माणसांना परकी नाही.

एका शाळेत सहावीला साधारण 80 जागा असतात. त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांच्या, आणि ग्रामीण म्हणजे तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं गावातल्या शाळेत काढलेलं मूल. एक तृतीयांश जागा मुलींसाठी. मूल ज्या जिल्ह्यात राहतं आणि पाचवी शिकतं, त्याच जिल्ह्याच्या शाळेसाठी अर्ज करता येतो. परीक्षा आयुष्यात एकदाच. पाचवी पुन्हा करून दुसऱ्यांदा बसता येत नाही.

या परीक्षेबद्दल मला मनापासून आदर आहे. दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. अंकगणिताचे 20 प्रश्न, भाषेचे 20, आणि उरलेले 40 निव्वळ आकृत्यांचे. त्या चाळीसांत भाषा जवळजवळ नाहीच. एक प्रश्न असा असतो: चौकोनी कागद एकदा दुमडला, पुन्हा दुमडला आणि कोपऱ्याजवळ भोक पाडलं. आता कागद उलगडला तर भोकं कुठे कुठे दिसतील? चार चित्रांतलं बरोबर चित्र निवडायचं. ज्या मुलीने आईला कापड दुमडून कापताना पाहिलंय, ज्या मुलाने घरी पतंग कातरलाय, त्यांच्या डोळ्यांपुढे तो कागद आपोआप उलगडतो. पुढे आरशातली प्रतिमा, अपुरी नक्षी पुरी करणं, गुंतलेल्या रेषांमध्ये लपलेला आकार शोधणं. याला इंग्रजी शाळा लागत नाही, महागडं पुस्तक लागत नाही. घरात पेपर वाचायला कुणी नसलं तरी मूल इथे पहिलं येऊ शकतं.

म्हणूनच या परीक्षेभोवती शिकवण्यांचा बाजार उभा राहिला, याचं मला वाईट वाटतं. वर्ष-वर्षभर मुलाकडून आकृत्या घोटून घेतल्या जातात. घोटलेलं मूल आकृती ओळखायला शिकतं, विचार करायला शिकतंच असं नाही. आणि ज्याच्याकडे शिकवणीचे पैसे नाहीत, नेमका तोच मागे पडतो. तयारी जरूर करून घ्या, पण घरी. जुन्या वर्तमानपत्राचा कागद दुमडा, सुईने भोक पाडा, मुलाला अंदाज सांगू द्या आणि मग त्यालाच कागद उघडू द्या. आपला अंदाज बरोबर निघाल्यावर त्याचा चेहरा बघा. जुने पेपर वेळ लावून सोडवून घ्या. एवढं पुरे.

निवड झाल्यावर काय? दहा-अकरा वर्षांचं लेकरू पेटी घेऊन वसतिगृहात जातं. पेटीवर पांढऱ्या रंगाने नाव लिहिलेलं, आत दोन चादरी आणि आईने बांधून दिलेले लाडू. पहिले काही आठवडे कठीण जातात, हे कुणी लपवू नये. मुलं रडतात. त्यांच्याहून जास्त आया रडतात. मुलांची चार सदनं असतात: अरावली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी. सदनाचे शिक्षक आवारातच राहतात. पहाटे उठून कवायत, मग वर्ग, दुपारनंतर खेळ, संध्याकाळी शिक्षकांच्या नजरेखाली अभ्यास. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं यांचा खर्च सरकार करतं. सहावी ते आठवी फी नाही. नववीपासून विद्यालय विकास निधीपोटी दरमहा 600 रुपये घेतात, सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांकडून जास्त. मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरची मुलं यांना तोही माफ आहे.

सुरुवातीची वर्षं शिकवणं मातृभाषेत किंवा प्रांताच्या भाषेत होतं. नववीपासून गणित-विज्ञान इंग्रजीतून. अभ्यासक्रम सीबीएसईचा. बारावीनंतर इंजिनीअरिंग-मेडिकलकडे जाणाऱ्या निवडक नवोदय मुलांसाठी दक्षणा फाउंडेशन 2007 पासून मोफत तयारी करून घेतं. त्यांचं एक मोठं केंद्र पुणे जिल्ह्यात कडूसला आहे.

पण मला या शाळेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती वेगळीच. नववीत हिंदी भागातल्या शाळेतली सुमारे 30 टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात जातात आणि तिकडची इकडे येतात. आपल्या पांढुर्ण्याच्या मुलाचा विचार करा. घरी मराठी, शाळेत हिंदी, विज्ञान इंग्रजीतून, आणि आता चौदाव्या वर्षी पाट्यासुद्धा वाचता येत नाहीत अशा गावी वर्षभर राहायचं. पालक इथेच सर्वांत जास्त घाबरतात. मी म्हणेन, घाबरू नका. हुशार मुलाला एक सवय लवकर जडते: सगळं आपल्याला पटकन येतं, ही. जिथे भाजी मागायलाही शब्द शोधावे लागतात, तिथे ती सवय सुटते. वर्गात पहिलं येणाऱ्या मुलाला दुसऱ्याच्या मदतीची गरज पडणं, हे त्याच्या शिक्षणातलं फार मोठं काम आहे. गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही.

उणिवाही आहेत. धोरणाची अपेक्षा होती की नवोदयांनी आसपासच्या शाळांनाही वाट दाखवावी. ते पुरतं झालेलं दिसत नाही. कुंपणाच्या आत चांगलं चालतं, बाहेरची गावशाळा होती तशीच राहते. शिवाय ज्याची निवड होत नाही, त्याला घरचे "नापास" म्हणून मोकळे होतात. 80 जागांसाठी जिल्ह्यातली हजारो मुलं बसतात. त्या दोन तासांवरून मुलाची किंमत ठरवू नका, हे मी प्रत्येक आईबापाला हात जोडून सांगेन.

आणि शहरातल्या पालकांना एक स्पष्टच सांगतो. तुमच्या मुलाचं नाव गावच्या शाळेच्या पटावर दाखवून ग्रामीण जागा घेऊ नका. ती जागा एखाद्या मुलीची आहे, जिला दुसरा दरवाजाच नाही. तुमचं मूल उरलेल्या खुल्या जागांसाठी परीक्षेला बसू शकतं, बसवा. मात्र त्याआधी आजूबाजूला पाहा. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं मूल गावी आजीपाशी राहून पाचवी शिकत असेल. कॉलनीच्या पहारेकऱ्याची मुलगी सीहोरकडच्या, नाहीतर बैतूलकडच्या एखाद्या गावशाळेत असेल. नवोदयचं नाव त्यांनी ऐकलेलं असतं, पण अर्ज ऑनलाइन भरायचा म्हटल्यावर सगळं तिथेच थांबतं. मुलाचा फोटो, मुलाची आणि पालकांची सही, मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र असं लागेल ते त्यांच्याकडून मागवून घ्या आणि एका संध्याकाळी बसून तो अर्ज भरून द्या. अर्जाला एक रुपयाही लागत नाही.