परसातील कुक्कुटपालन

परसातील कुक्कुटपालन म्हणजे घराच्या परसात, अंगणात किंवा वाडीत थोड्या संख्येने कोंबड्या पाळण्याची पद्धत होय. अशा घरी साधारणपणे ५ ते २० पक्षी असतात. ते दिवसा मोकळे चरतात व सायंकाळी खुराड्यात परततात. या पद्धतीस भांडवल अल्प लागते. परंतु एका साथीत किंवा एका रात्रीत सर्व पक्षी नष्ट होण्याचा धोका असतो. त्यामुळे तिचे यश दैनंदिन दक्षतेवर अवलंबून असते.

== जाती ==
महाराष्ट्रात व गोव्यात स्थानिक पक्ष्यांना ‘गावठी’ म्हणतात. गावठी कोंबडी वर्षाला साधारणपणे ५० ते ८० अंडी देते. मात्र ती काटक असते व पिल्ले स्वतः वाढवते. बंगळूर येथे विकसित झालेली गिरिराज आणि हैदराबाद येथे विकसित झालेल्या वनराज व ग्रामप्रिया या सुधारित जाती वजनाने किंवा अंड्यांच्या संख्येने सरस आहेत. त्यांच्यात खुडूक होण्याची प्रवृत्ती फारच कमी असल्यामुळे त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली उबवावी लागतात. अशा पिल्लांत मूळ जातीचे सर्व गुण उतरत नाहीत. म्हणून पिल्ले पुन्हा उबवणी केंद्रातून आणावी लागतात. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील कडकनाथ ही काळ्या मांसाची जातही अनेक ठिकाणी पाळली जाते.

== निवारा ==
पूर्वी अनेक घरी पक्षी रात्री बांबूच्या डालीखाली झाकून ठेवत. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ या म्हणीत याच प्रथेचा उल्लेख आहे. खुराड्यात प्रत्येक पक्ष्यास किमान एक ते दीड चौरस फूट जागा असावी. मुंगूस, रानमांजर व साप अरुंद फटींतून शिरतात. म्हणून बारीक छिद्रांची मजबूत जाळी वापरतात आणि खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवतात. खाली भाताचे तूस अंथरतात. ते ओले झाल्यास अमोनियाचा उग्र वास येतो व पक्ष्यांच्या डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला इजा होते. त्यामुळे पावसाळ्यात तूस वारंवार हलवून कोरडे ठेवणे अत्यावश्यक ठरते.

== आहार ==
पक्षी किडे, गवत व सांडलेले धान्य टिपतात. त्यास तांदळाची कणी, ज्वारी, बाजरी व भाजीपाल्याच्या उरल्यासुरल्या भागाची जोड देतात. पिल्लांना प्रथिने मिळावीत म्हणून शेण व ओले गोणपाट भरलेले मडके जमिनीवर उपडे ठेवून वाळवी वाढवण्याची युक्ती रूढ आहे. अंड्याचे कवच पातळ निघू लागल्यास कॅल्शियमची उणीव संभवते; अशा वेळी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवतात.

== अंडी उबवणे ==
खुडूक कोंबडीखाली १० ते १२ अंडी ठेवतात व २१ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. सातव्या ते नवव्या दिवसाच्या सुमारास अंधारात विजेरीपुढे अंडे धरल्यास फलित अंड्यात तांबड्या शिरांचे जाळे दिसते. अफलित अंडे स्वच्छ दिसते व ते काढून टाकतात. आईविना वाढणाऱ्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पिल्ले दिव्याखाली गर्दी करत असतील, तर ऊब कमी आहे. दूर पळून चोच उघडून धापा टाकत असतील, तर ती जास्त आहे, असे समजावे.

== नेहमीच्या अडचणी ==
* अंडी खाण्याची सवय : फुटलेल्या अंड्याची चव लागल्याने ती जडते. घरटे अंधारे ठेवणे व दिवसातून दोनदा अंडी उचलणे हे उपाय आहेत.
* अंडी थांबणे : दिवस लहान होणे, पिसे गळणे, खुडूक होणे किंवा आडोशाला लपून अंडी घालणे ही सामान्य कारणे होत.
* उन्हाळा : कोंबडीस घामाच्या ग्रंथी नसतात. सावली व थंड पाणी न मिळाल्यास ती दगावते.

== रोग व लसीकरण ==
मानमोडी अथवा राणीखेत हा सर्वांत घातक रोगांपैकी एक आहे. हिरवट विष्ठा, श्वासाचा त्रास व मान वाकडी होणे ही त्याची लक्षणे आहेत. या रोगावर निश्चित औषध नसल्याने लसीकरण हाच मुख्य आधार होय. लासोटा लस ५ ते ७ दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब देतात. पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने देतात.

येथे लहान पालकाची खरी अडचण उद्भवते. लशीची कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांसाठी असते, ती २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते आणि द्रावण केल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कुपी घेणे परवडत नाही, म्हणून लस टाळली जाते आणि एका घरातील साथ सर्व आळीत पसरते. आळीतील घरांनी एकच दिवस ठरवून, पहाटे पक्षी सोडण्यापूर्वी, एका कुपीत सर्वांचे लसीकरण करणे हा यावरील सोपा उपाय आहे. आजारी पक्षी वेगळा ठेवावा, बाजारात विकू नये. मेलेला पक्षी चुना टाकून खोल पुरावा. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला. त्यामुळे अचानक मोठ्या प्रमाणावर मरतूक झाल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवणे आवश्यक असते.

== सामाजिक महत्त्व ==
कोंबड्यांची देखभाल बहुधा घरातील स्त्रिया करतात आणि अंड्यांचे पैसे अनेकदा त्यांच्याच हाती राहतात. वही-पुस्तके, औषध किंवा पाहुणचार यांची गरज त्यातून भागते. म्हणून परसातील चार कोंबड्या दगावणे ही अशा कुटुंबास किरकोळ हानी नसते.